तेविसावी फ्रेम

पंचवटीच्या भाजीबाजारात हातगाड्यांवर द्राक्षं दिसायला लागली की माझा राग ताजा होतो. या दिवसांत लोकांना काय काय आठवतं. कुणाला परीक्षा आठवतात, कुणाला लग्नाच्या तारखा. मला एक माणूस आठवतो. तरीही दरवर्षी मी मुद्दाम गाडीपाशी थांबते, एक घड उचलते आणि उजेडाकडे धरून बघते. मण्यांवरची पांढुरकी भुकटी बोटांना लागते. गाडीवाला म्हणतो, "मावशी, घ्या, साखर हाय नुसती." मी अर्धा किलो घेते. साखर असेलही. पण पहिला मणी दाताखाली फुटला की माझ्या मनात धरलेला डूख जागा होतो.

माफ करून टाकावं, मन हलकं होतं, असं सांगणारे मला बरेच भेटले. माझं मन जड आहे आणि त्याचा मला काही त्रास नाही. कॅमेराही जडच असायचा माझा.

रशियन बनावटीचा होता तो, सेकंडहँड, गळ्यात अडकवला की मान दुखायची. नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस होते. मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते, आणि सुट्टीच्या दिवशी पदर खोचून फोटो काढत हिंडणारी बाई म्हणून आमच्या गल्लीत प्रसिद्ध होते. रोल भरताना फिल्मची जीभ खाचेत बसवायची, लिव्हर ओढायची, दाते बरोबर अडकले ना बघायचं, झाकण लावायचं. मग छत्तीस फोटो. एखादा सदतिसावा निघाला तर सणच. शटरचा आवाज कडीकोयंडा लावल्यासारखा यायचा आणि त्या आवाजाचं मला व्यसन लागलं होतं. घाटावर वाळत घातलेली धोतरं, भोपळ्यांच्या राशीवर झोपलेलं मांजर, पाठ खाजवायला हात पुरत नाही म्हणून खांबाला टेकून अंग घासणारे गुरुजी. काहीही काढायचे मी. रोल धुवून येईपर्यंत चार-पाच दिवस जायचे आणि त्या दिवसांत मला जेवणात लक्ष नसायचं.

सगळ्यात मोठी गंमत नंतरची. आपण मांजर बघून बटण दाबलेलं असतं, आणि फोटोत मांजरामागे एक म्हातारा चपला हातात घेऊन पळताना निघतो. आपल्याला तो दिसलेलाच नसतो. कॅमेऱ्याला मात्र सगळं दिसतं, आपण कुठे बघत होतो याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. तेव्हा मला याचं नुसतं हसू यायचं. ही गोष्ट पुढे माझ्या एवढ्या उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

माझे वडील, अण्णा, घाटावरचे उपाध्ये, तीर्थपुरोहित. गोदावरीवर येणाऱ्या यात्रेकरूंची नावं लिहिलेल्या लांबट वह्या आमच्या घरात कापडात गुंडाळून फडताळात असत. कुठल्यातरी गावाहून कुणी आलं की अण्णा त्या गावाची वही काढत, त्याचा पणजोबा कधी येऊन गेला ते दाखवत, मग नव्या मुलाबाळांची नावं लिहून घेत. लिहून झालं की मजकूर मोठ्यानं वाचून दाखवत आणि विचारत, "बरोबर आहे?" समोरचा "बरोबर आहे" म्हणाला की मगच वही त्याच्यापुढे सरकवत. सही त्याच्या हातची. अक्षर येत नसेल तर अंगठा, पण त्याचाच. लहानपणी मला हा सगळा वेळकाढूपणा वाटायचा.

नाशकातल्या आम्हा हौशी फोटोवाल्यांचा एक छोटा क्लब होता आणि त्याचे सर्वेसर्वा होते नाना. सगळं शहर त्यांना नाना म्हणायचं आणि फोटोखालीही ते तेवढंच नाव घालायचे. उंच, गोरे, खांद्यावर चामडी कव्हरातला जर्मन कॅमेरा, बोलणं असं की माणसानं विसरून जावं आपण कशाला आलो होतो. त्यांच्या घरी डार्करूम होती. आमच्यातल्या कुणाकडेच नव्हती, म्हणून आम्ही सगळे त्यांच्याकडे निगेटिव्ह घेऊन जायचो. नाना निगेटिव्ह खिडकीशी धरत आणि म्हणत, "मी हे वर्तमानपत्रासारखं वाचतो." आम्ही माना डोलवायचो. मी सगळ्यांत जास्त डोलवायचे, हेही कबूल करून टाकते.

त्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी नाना आम्हाला दिंडोरीच्या रस्त्यावरच्या एका द्राक्षबागेत घेऊन गेले. स्कूटरवर हात बधिर झाले होते. बागेत शिरलो तर मांडवाखाली अजून थंडी बसलेली, पानांच्या फटींतून उजेडाचे कवडसे, आणि कात्र्यांचा बारीक आवाज. बायका घड कापून क्रेटमध्ये ठेवत होत्या. कापताना घडाला हात लावत नाहीत, देठाला धरतात. मण्यावरची भुकटी पुसली गेली तर माल जुना दिसतो. ते बघूनच मी हरखले. इतकं जपून मी कुणाला काही उचलताना पाहिलं नव्हतं.

नाना बांधावर उभे राहून आम्हाला शिकवत होते. "घाई करू नका. उजेड पिकू दे. कच्च्या उजेडात कॅमेरा उघडणं म्हणजे फिल्मचा नास." त्यांनी स्वतः तो कव्हरातून काढलाच नाही. मालकानं त्यांच्या हातात एक घड दिला होता आणि ते एकेक मणी तोंडात टाकत बोलत होते.

मला पिकण्यापर्यंत धीर नव्हता. हिराबाई नावाची एक बाई भरलेला क्रेट डोक्यावर घेऊन मांडवाखालून येत होती. एक कवडसा तिच्या कपाळावर, एक क्रेटवर, तोंडातून निघालेली वाफ उजेडात पांढरी. तिनं थांबून सरळ माझ्याकडे बघितलं. "काढती का? काढ," असं ते बघणं होतं. मी बटण दाबलं. लिव्हर ओढून पुन्हा दाबलं तोवर नाना घड खात मध्ये आले. एक फ्रेम फुकट गेली म्हणून मी मनातल्या मनात चरफडले.

"ओ ताई," हिराबाई क्रेट उतरवून म्हणाली, "फोटू काढला तं मला बी द्याल ना? का नुसत्याच जाल?"

"देईन हो. मोठा करून देईन."

"लय जणं म्हनत्यात."

"मी देईन," मी म्हटलं.

रोल धुवून आला तेव्हा ती फ्रेम मी पुन्हा पुन्हा उजेडाकडे धरली. निगेटिव्हवरही कळत होतं. बाविसावा नंबर. मी सहा फ्रेमची ती पट्टी नानांकडे दिली आणि म्हटलं, मोठा प्रिंट करून द्या. त्यांनी खिडकीशी धरून बघितलं. काही बोलले नाहीत. एरवी बोलल्याशिवाय राहत नसत, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

महिन्यानं पाकीट परत आलं. पट्टीचे दोन तुकडे होते. एकात वीस आणि एकवीस, दुसऱ्यात तेवीस, चोवीस, पंचवीस. नाना म्हणाले, "बाविसावी गेली गं. ओली असताना ओरखडा आला. टाकून दिली." पट्टीतली एकटी फ्रेम कधीही कापायची नाही, हा धडा आम्हाला त्यांनीच दिला होता. मी विचारलंसुद्धा नाही. उलट त्यांना वाईट वाटायला नको म्हणून "असू द्या नाना" म्हणाले आणि बाहेर येऊन पायरीवर बसून रडले. आज त्या रडण्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

पुढच्या वर्षी, नवं कॅलेंडर लागायच्या दिवसांत, मी गिरणीत दळण घेऊन गेले होते. गिरणीवाला भिंतीवरचं नवं कॅलेंडर चाळत होता, सुट्ट्या बघत. कुठल्याशा खतवाल्यांचं होतं. फेब्रुवारीच्या पानावर हिराबाई. कपाळावर कवडसा, तोंडातून वाफ, आणि ते सरळ बघणं. कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलं होतं, 'छाया : नाना'. गिरणी चालू होती, पीठ उडत होतं, आणि माझे कान बंद झाले होते. "ताई, तुमचं झालं, उचला," असं गिरणीवाल्याला तीनदा सांगावं लागलं.

डबा तसाच काखेत घेऊन मी नानांकडे गेले. अंगावर पीठ होतं. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. चोरी पकडली गेलेल्या माणसासारखे ते जराही दिसले नाहीत, आणि हे मी कधीच विसरणार नाही.

"अगं, निगेटिव्ह म्हणजे कच्चा माल," ते हसून म्हणाले. "चित्र डार्करूममध्ये होतं. ते मी केलं."

"बघितलं मी. बटण मी दाबलं."

"बटण कुणीही दाबतं. आणि तुझ्या नावानं कोण छापणार होतं? नावाला वजन लागतं." मग आवाज मऊ करून म्हणाले, "तुझी बाई घराघरात पोचली, याचा आनंद मान."

क्लबातल्या दोघांना मी सांगून पाहिलं. एकानं विषय बदलला. दुसरा म्हणाला, "सुनंदाताई, नानांना काय कमी आहे?" घरी अण्णांना सांगितलं तर त्यांनी वहीतून मान वर केली आणि विचारलं, "देताना लिहून घेतलं होतंस?"

"नाही."

"मग?" म्हणाले आणि पुढचं नाव लिहायला लागले. त्या वेळी मला ते नानांइतकेच वैरी वाटले.

पण खरा घाव अजून पुढे होता. हंगाम आला तसा मी त्याच बागेत गेले. फोटो कसा गेला हे हिराबाईला तोंडानं सांगायचं होतं. मालकाच्या ओट्यावर ते कॅलेंडर लावलेलं होतं. हिराबाईनं हातातली कात्री खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "माझी पोरगी वाचती आता. ती म्हनली, आई, यावर बाईचं नाव नाय. गड्याचं हाय. मंग फोटू काढल्याचं दाखवून तुमी खोटं का बोलले ओ ताई? मी कुठं तुमाला फोटू काढा म्हनलं व्हतं?"

हातात पुरावा काही नव्हता. मी खोटी ठरले होते. तीही अशा बाईपुढे, जी घडाला बोट लागू देत नव्हती. परतताना एसटीत मी ठरवलं, या माणसाचं देणं मी कधीतरी त्याच्या हातात ठेवणार. कसं ते माहीत नव्हतं. वेळ भरपूर होता.

सूड म्हटलं की लोकांना सुरा आठवतो. माझा सूड न्हाणीघरातून सुरू झाला. मी खिडकीला काळं कापड ठोकलं, फोटो मोठे करायचा जुना एन्लार्जर मिळवला, पाटावर तीन ट्रे मांडले आणि लाल बल्ब लावला. आता माझी निगेटिव्ह माझ्या घराबाहेर जाणार नव्हती. पहिले कितीतरी कागद काळे झाले. मी चिकाटीनं शिकले, आणि ती चिकाटी हौसेची नव्हती, शुद्ध रागाची होती. रागानं माणूस आंधळा होतो म्हणतात. मला रागानं फोकस करायला शिकवलं.

एका रविवारी दुपारी सरावासाठी म्हणून त्या तुटक्या पट्टीतली तेविसावी फ्रेम लावली. फुकट गेलेली. कागद ट्रेमध्ये सोडला, हलवत राहिले. आधी मांडवाच्या काळ्या रेघा आल्या. मग एक हात, हातात घड. मग नानांचे दात, मणी फोडताना हसरे. छान फोटो होता, खोटं कशाला बोलू. माणूस इतका मोकळा क्वचितच सापडतो. मग खांद्यावरचं चामडी कव्हर आलं, आणि त्याचं बटण. लावलेलं. आणि सगळ्यात शेवटी, नानांच्या खांद्यामागे, हिराबाई. डोक्यावर तोच क्रेट. कपाळावर तोच कवडसा. वाफ विरत आलेली, म्हणजे बाविसावीनंतरचाच क्षण, आणि नानांचा कॅमेरा बंद.

मी ट्रेवर वाकून हसायला लागले. आई बाहेरून कडी वाजवत राहिली, काय झालं म्हणून. निगेटिव्हमध्ये दात काळे दिसतात, केस पांढरे, चेहरा ओळखू येत नाही. वर्तमानपत्रासारखं वाचणाऱ्या माणसानं कात्री चालवताना शेजारच्या फ्रेमकडे नीट बघितलंच नव्हतं. स्वतःचाच चेहरा त्यांनी मला पाकिटात घालून परत दिला होता.

त्याचा एक प्रिंट मी हिराबाईला नेऊन दिला आणि सगळं सांगितलं. तिनं तो बराच वेळ बघितला.

"ह्यो पुढं कोन?"

"हेच ते. नाना."

"मला झाकलं ना त्यानं. कापा की ओ त्याला."

मी पर्समधून कात्री काढली आणि नानांना तिथेच बांधावर कापलं. राहिलेला तिचा अर्धा तिनं पदराच्या टोकानं पुसून चोळीत ठेवला. नानांचा अर्धा वाऱ्यानं मांडवाखाली गेला, तो कुणी उचलला नाही. इतकं बरं मला त्या वर्षात दुसऱ्या कशानं वाटलं नव्हतं.

पण तेवढ्यानं भागलं नाही. ती निगेटिव्ह मी बटर पेपरमध्ये घालून अण्णांच्या वह्यांच्या फडताळात ठेवली. दर फेब्रुवारीत काढायची, उजेडाकडे धरायची, परत ठेवायची. अण्णा गेले. माझे केस पांढरे झाले. रोल मिळेनासे झाले, डिजिटल आलं, क्लबातल्या पोरांनी हजार हजार फोटो काढायला सुरुवात केली. माझेही फोटो छापून येऊ लागले, माझ्या नावानं. नाना भेटले की मान हलवत, जुन्या शिष्येकडे बघून हलवतात तशी. मीही नमस्कार करायचे. घाई करायची नाही, उजेड पिकू द्यायचा, हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

आणि मग नानांना पंचाहत्तर पूर्ण झाली. क्लबचा नवा सेक्रेटरी शिरीष, चांगला मुलगा, माझ्या दारात आला.

"ताई, गौरव अंक काढतोय. पण पंचाईत अशी की नानांनी सगळ्यांचे फोटो काढले, नानांचा कुणीच काढला नाही. तुमच्याकडे एखादा जुना आहे?"

"आहे," मी म्हटलं. इतक्या पटकन, की तो दचकला. "मुखपृष्ठाला चालेल असा आहे. फक्त खाली माझं नाव घाल. ठळक."

"घालणारच ताई, असं कसं?" तो म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

समारंभाला मी इस्त्रीची साडी नेसून गेले. स्टेजमागे फ्लेक्सवर माझी तेविसावी फ्रेम, माणसाच्या दुप्पट मोठी. नाना द्राक्षं खातायत, कव्हराचं बटण बशीएवढं, मागे हिराबाई स्वच्छ. आणि सभागृहाच्या डाव्या भिंतीवर नानांच्या निवडक फोटोंचं प्रदर्शन, त्यात मधोमध बाविसावी. दोघी एकाच खोलीत. मी शेवटच्या रांगेत बसले आणि वाट बघू लागले, कुणाच्या तरी लक्षात येईल म्हणून.

आलं लक्षात. पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "अरे, ही तीच बाई ना?" मी खुर्चीच्या कडेला सरकले. शिरीषनं वळून दोन्हीकडे बघितलं आणि आनंदानं म्हणाला, "हो की! म्हणजे हा फोटो त्याच सकाळचा. नानांनी तो काढला तेव्हाचाच! वा, ताई, काय पुरावा जपून ठेवलात." आणि माईकवर जाऊन त्यानं ते सगळ्यांना सांगितलं. टाळ्या पडल्या.

वीस-बावीस वर्षं जपलेलं माझं हत्यार त्यांनी त्यांच्याच गळ्यात हार म्हणून घातलं होतं. मला तिथल्या तिथे उठून ओरडावंसं वाटलं, बटण बघा रे, बटण लावलेलं आहे. पण कोणाला सांगणार? कॅमेऱ्याला कव्हर असतं हेसुद्धा त्या पोरांना माहीत नव्हतं.

मग मी नानांकडे बघितलं. टाळ्या चालू होत्या आणि ते मान मागे वळवून फ्लेक्सकडे बघत होते. बराच वेळ. हार गळ्यात, हात मांडीवर. एका माणसाला कळलं होतं. आणि मला तेवढाच एक हवा होता.

नमस्कार करणाऱ्यांच्या रांगेत मी अंक घेऊन उभी राहिले. माझी पाळी आली. नानांनी मुखपृष्ठावर बोट ठेवलं, नेमकं कव्हरावर.

"बंद आहे," ते म्हणाले. मला ऐकू जाईल इतकंच.

"हो नाना. उजेड पिकायचा होता."

त्यांनी वर बघितलं. म्हातारे दिसत होते. कुणी म्हणेल, इथे मला दया यायला हवी होती. नाही आली. हिराबाईचा आवाज आठवला, खोटं का बोलले ओ ताई. मी अंक त्यांच्यापुढे धरला आणि अण्णांसारखा मोठ्यानं, सावकाश वाचला, रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल असा. "छाया : सुनंदा गर्गे." मग विचारलं, "बरोबर आहे?"

रांग थांबली होती. मागून कुणीतरी कौतुकानं हसलं, ताईंची हौस म्हणून.

"बरोबर आहे," नाना म्हणाले.

मी पेन दिलं आणि अंक त्यांच्यापुढे सरकवला. सही त्यांनी पूर्ण केली, माझ्या नावाच्या बरोबर खाली. मी शाई वाळेपर्यंत तिथेच उभी राहिले. घरी येऊन अंक अण्णांच्या वह्यांमध्ये ठेवला. आज बाजारातून द्राक्षं आणली, धुतली, आणि तो काढून बघितला. शाई अजून ठळक आहे.